तारांवर चालणारा रोबो: एक तार जास्त का लागते?

नेहमीच्या रोबोला लोखंडी हात असतो. आज आपण ज्यांच्याबद्दल बोलणार आहोत त्या रोबोंना हाताऐवजी तारा असतात. प्रत्येक तार एका ड्रमवर गुंडाळलेली, आणि प्रत्येक ड्रमला एक मोटर. क्रिकेटच्या मैदानावर फिरणारा स्पायडरकॅम तुम्ही टीव्हीवर पाहिला असेल, तो याच जातीचा. हलणारं वजन कमी आणि आवाका मोठा, हा याचा फायदा.

अडचण मात्र मूलभूत आहे. तार ओढू शकते, ढकलू शकत नाही. समजा, दांडीवर सरकणारा एक मणी आहे. त्याला दोन्ही दिशांना न्यायचं तर दोन तारा लागतात. म्हणजे हालचाल एका प्रकारची, पण तारा दोन. सपाट पृष्ठभागावर बिंदू हलवायला किमान तीन. अवकाशात सरकणं आणि वळणं मिळून हालचालीचे सहा प्रकार होतात, तिथे किमान सात.

पण नुसती संख्या पुरत नाही, दिशाही महत्त्वाची. मांडवाच्या खांबाचे सगळे दोर एकाच बाजूला बांधले तर काय होईल? तीन खुंट्यांना बांधलेली कडी त्यांच्या त्रिकोणाच्या आतच नीट ताणून ठेवता येते, बाहेर नाही.

चीनमधल्या ५०० मीटर व्यासाच्या ‘फास्ट’ रेडिओ दुर्बिणीत सुमारे ३० टनांची केबिन सहा तारांवर टांगलेली आहे. मग सातवी तार कुठे गेली? तिचं काम गुरुत्वाकर्षण करतं! मात्र ही तार फक्त खालीच ओढते, आणि तिचा जोर आपल्याला वाढवता येत नाही.

आता जादा तारेचा खरा उपयोग बघू. आपल्या मण्याला उजवीकडे २० न्यूटन बल हवं आहे. डावीकडे १० आणि उजवीकडे ३० ताण दिला तरी चालेल, ५० आणि ७० दिला तरी चालेल. फरक तोच. मग निवडायचं कुठलं? ताण कमी ठेवला तर वीज वाचते, मोटर कमी तापते. ताण वाढवला तर धक्का बसल्यावर मणी कमी डळमळतो. म्हणून दोन मर्यादा ठरवतात: तार सैल पडणार नाही इतका किमान ताण, आणि तार व मोटर दोन्हींना झेपेल इतका कमाल. संगणक प्रत्येक क्षणी या दोहोंच्या मधली वाटणी शोधत असतो.

इथे एक धोका आहे. चार पायांचं टेबल डुगडुगतं, तिपाई डुगडुगत नाही. तसंच जादा तारेचं. सगळ्या मोटरींना फक्त लांबी सांगितली, तर लांबीतल्या थोड्याशा चुकीनेही एक तार सैल पडते नाहीतर मोटरी आपसात रस्सीखेच करू लागतात. त्यामुळे निदान जादा मोटरींना तरी लांबीऐवजी ताण सांभाळायला लावतात.

शेवटी, तार तुटली तर? सातपैकी एक गेली की जादा काही उरत नाही. आठ असतील तर सात उरतात, पण उरलेल्यांच्या दिशा जुळतात तेवढ्याच जागेत रोबो ताब्यात राहतो. म्हणून आराखडा करतानाच एकेक तार काढून हिशोब करायचा. खाली माणसं असतील तर हा हिशोब सगळ्यात आधी.