डिझेल न जाळता त्यातून हायड्रोजन कसा काढतात?

वेल्डिंगचा रॉड लोखंडाला टेकवून जरासा उचलला की डोळे दिपवणारा प्रकाश पडतो. तो जाळ नाही, प्लाझ्मा आहे. म्हणजे इतका तापलेला वायू, की त्याच्या अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे होतात. ट्यूबलाइटमध्येही प्लाझ्माच असतो, पण तिला हात लावता येतो, कारण तिथे फक्त इलेक्ट्रॉन तापलेले असतात. वेल्डिंगच्या आर्कमध्ये सगळंच हजारो अंश सेल्सिअसपर्यंत तापतं. हा थर्मल प्लाझ्मा.

आता अशा आर्कमध्ये डिझेलचा फवारा सोडला तर? भडका उडेल असं वाटतं ना? पण भडक्याला ऑक्सिजन लागतो. बंद भट्टीत हवा येऊच दिली नाही, तर जळणार कशानं? डिझेलचे लांबलचक रेणू नुसते तुटतात. किलोभर डिझेलमधून फार तर 130-140 ग्रॅम हायड्रोजन मिळतो. बाकी जवळजवळ सगळी काजळी. तीही फेकायची नाही. टायर काळे असतात ते या 'कार्बन ब्लॅक'मुळेच. नॉर्वेच्या क्वेर्नर कंपनीनं 1980 च्या दशकात हायड्रोजन आणि कार्बन ब्लॅक एकत्र मिळवण्यासाठीच अशी पद्धत विकसित केली. डिझेलसोबत पाण्याची वाफ सोडली, तर काजळीऐवजी कार्बन मोनॉक्साइड बनतो. त्याचं आणि हायड्रोजनचं मिश्रण म्हणजे सिनगॅस. त्यापासून मिथेनॉल करता येतं.

खरी कसरत अ‍ॅसिटिलीनची. गॅस वेल्डिंगवाले वापरतात तोच हा वायू. जर्मनीत मार्ल इथल्या ह्यूल्स कारखान्यात तो 1940 पासून विजेच्या आर्कमध्ये बनू लागला. तिथे सुरुवात द्रवापासून नव्हे, हायड्रोकार्बन वायूंपासून झाली. युद्धाचा काळ, कृत्रिम रबरासाठी अ‍ॅसिटिलीन हवा होता. गंमत अशी, की तो प्रचंड उष्णतेत तयार होतो, पण सावकाश गार केला तर मोडून त्याचीही काजळी होते. म्हणून आर्कमधून बाहेर पडताक्षणी, काही मिलिसेकंदांत, पाण्याचा फवारा मारून त्याला गार करावं लागतं. तापवण्याइतकंच हे गार करणंही महत्त्वाचं!

मग हे सगळीकडे का नाही? विजेचं बिल. कागदावर पाहिलं तर पाण्यातून तेवढाच हायड्रोजन काढायला याच्या कितीतरी पट ऊर्जा लागते, म्हणून हा मार्ग आकर्षक वाटतो. पण आपल्याकडची निम्म्याहून जास्त वीज कोळशावर बनते. त्या विजेवर आर्क पेटवला, तर भट्टीतून न निघालेला कार्बन डायऑक्साइड वीजकेंद्राच्या चिमणीतून निघतो.