प्रकाशाहून शांत अ‍ॅम्प्लिफायर

अंधुक प्रकाश पडलेल्या फोटोडायोडमधून 1 पिकोअँपिअर प्रवाह वाहतो, तेव्हा सेकंदाला सुमारे 62 लाख इलेक्ट्रॉन पुढे सरकत असतात. संख्या मोठी वाटते. पण मोबाइलच्या चार्जरमधून येणाऱ्या 1 अँपिअरचा हा एक लाख कोटीवा हिस्सा आहे. तो मोजता येईल इतक्या व्होल्टेजमध्ये बदलणाऱ्या परिपथाला ट्रान्सइम्पिडन्स अ‍ॅम्प्लिफायर म्हणतात. एक ऑप-अँप, त्याच्या आउटपुटकडून इनपुटकडे परत येणारा एक रेझिस्टर आणि त्याला समांतर एक चिमुकला कपॅसिटर, एवढाच त्याचा संसार.

सगळा पेच त्या रेझिस्टरपाशी आहे. वीज न जोडता नुसता टेबलावर ठेवला, तरी त्याच्या दोन टोकांमधले व्होल्टेज किंचित खालीवर होतच राहते, कारण उष्णतेमुळे आतले इलेक्ट्रॉन कधीच स्थिर नसतात. ही खरखर बेल लॅबोरेटरीजमधल्या जॉन जॉन्सन यांनी मोजली, हॅरी नायक्विस्ट यांनी तिचे गणित मांडले आणि 1928 मध्ये दोघांचे निबंध प्रसिद्ध झाले. रेझिस्टर मोठा केला की खरखर वाढते. म्हणून छोटा रेझिस्टर बरा, असे वाटणे स्वाभाविक आहे आणि पूर्ण चुकीचे आहे. रेझिस्टर शंभरपट केला तर सिग्नल शंभरपट वाढतो, खरखर फक्त दहापट. प्रवाहाच्या भाषेत मोजली, तर 1 हर्ट्झच्या बँडविड्थमध्ये 1 मेगाओहमची खरखर 0.13 पिकोअँपिअर भरते, म्हणजे आपल्या सिग्नलच्या जवळजवळ आठव्या हिश्शाएवढी; 1 गिगाओहमची भरते अवघी 0.004 पिकोअँपिअर. जो भाग खरखरतो तोच वाढवून शांतता मिळवायची!

खरखर प्रकाशालाही असते. प्रवाह म्हणजे सुटेसुटे, अनियमित अंतराने येणारे इलेक्ट्रॉन. त्यामुळे तो स्वतःच थरथरतो, हे वॉल्टर शॉटकी यांनी 1918 मध्ये दाखवले. ही थरथर कोणताही अ‍ॅम्प्लिफायर काढू शकत नाही. बाकीच्या सगळ्या खरखरी तिच्याखाली दाबणे, हेच कुशल रचनाकाराचे ध्येय. त्यासाठीचा नियम फार देखणा आहे: खोलीच्या तापमानाला प्रकाशामुळे रेझिस्टरवर सुमारे 50 मिलिव्होल्टपेक्षा जास्त व्होल्टेज पडत असेल, तर प्रकाशाची खरखर रेझिस्टरवर मात करते. रेझिस्टर कितीचा, प्रकाश कोणत्या रंगाचा, हे विचारावेच लागत नाही. आपल्या 1 पिकोअँपिअरला मात्र यासाठी 50 गिगाओहम लागतील. अशा ठिकाणी बरेचदा फोटोमल्टिप्लायर वापरतात. तो रेझिस्टरपर्यंत पोहोचण्याआधीच इलेक्ट्रॉनांची संख्या वाढवतो.

मोठ्या रेझिस्टरची किंमत वेगाच्या रूपात मोजावी लागते. 1 गिगाओहमला समांतर नुसता 1 पिकोफॅरड असला, तरी परिपथ 160 हर्ट्झच्या पुढे मंदावतो. शिवाय फोटोडायोडची स्वतःची धारिता असते. ऑप-अँपच्या व्होल्टेजमधली खरखर तिच्यातून प्रवाह ढकलते आणि वारंवारता वाढेल तसा तो वाढत जातो. मीटरभर कोअ‍ॅक्शियल केबल यात सुमारे 100 पिकोफॅरडची भर घालते. म्हणून अ‍ॅम्प्लिफायर फोटोडायोडला अगदी चिकटून हवा.

मग येते स्वच्छता. सर्किट बोर्डच्या पृष्ठभागाचा रोध 1 टेराओहम असला, तरी शेजारच्या 5 व्होल्टच्या रेषेतून 5 पिकोअँपिअर झिरपतात, सिग्नलच्या पाचपट. बोटाचा ठसा किंवा मुंबई-कोकणातली पावसाळी दमट हवा हा रोध आणखी खाली आणते. उपाय असा, की इनपुटभोवती त्याच्याच इतक्या व्होल्टेजला ठेवलेले तांब्याचे कडे आखायचे. दोन्हींत व्होल्टेजचा फरक नाही, म्हणून गळतीही नाही. काही जण इनपुटची पिन बोर्डला टेकूच देत नाहीत. ती टेफ्लॉनच्या खुंटीवर अधांतरी जोडतात.

या विद्येची सर्वांत कठोर परीक्षा अमेरिकेतल्या लायगो प्रयोगशाळांत होते. गुरुत्वीय लहरींमुळे तिथल्या आरशांमधले अंतर प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी बदलते, आणि तो बदल अखेरीस फोटोडायोडवर पडलेल्या प्रकाशातूनच वाचला जातो. 2019 पासून तिथे प्रकाशाची स्वतःची थरथरही विशेष तंत्राने दाबली जाते. त्यामुळे अ‍ॅम्प्लिफायरला त्याहूनही शांत राहावे लागते. अशीच 4 किलोमीटर लांबीच्या दोन बाहूंची वेधशाळा, लायगो-इंडिया, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल 2023 मध्ये मंजुरी दिली आहे.