आधी हातातला दगड

ख्रिस्ती माणसाने दुसऱ्याचे दोष काढू नयेत, त्याच्यावर प्रेम करावे, ही शिकवण मी लहानपणापासून उपासनेत ऐकत आलो. ती मला मान्य आहे. पण ती कोण कोणाला सांगतो, हेही पाहिले पाहिजे.

माझे पणजोबा नगर जिल्ह्यातले महार. १८९९-१९०० च्या दुष्काळात ते ख्रिस्ती झाले. 'पोटासाठी बाटला' असा शिक्का गावाने मारला. हे पोट पिढ्यान्‌पिढ्या कोणी उपाशी ठेवले, हा प्रश्न मात्र गावाला पडला नाही. पुढे १९५६ साली बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली आणि आमची निम्मी भावकी बौद्ध झाली. तेव्हा आम्ही काय केले? 'यांनी देव सोडला' म्हणून त्यांच्याकडच्या लग्नाला गेलो नाही. ज्यांच्यावर शिक्का बसला होता, त्यांनीच तो दुसऱ्यावर मारला.

योहानाच्या शुभवर्तमानातील आठव्या अध्यायात व्यभिचाराच्या आरोपाखाली एका बाईला येशूपुढे आणतात. पुरुषाला कोणी आणीत नाही. येशू तिचे वागणे बरोबर ठरवीत नाही. पुन्हा पाप करू नकोस, असेच तो सांगतो. पण ते शेवटी. आधी तो दगड मारायला निघालेल्यांना स्वतःकडे पाहायला लावतो. हा क्रम आपण विसरतो. प्रेम करणे म्हणजे चूक झाकणे नव्हे. माणूस त्याच्या चुकीपेक्षा मोठा आहे असे मानणे होय.

हाच येशू मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात लोकांवर जड ओझी लादणाऱ्या शास्त्री-परूश्यांना खडसावतो. तेव्हा मंडळीत कोणी जात पाळीत असेल आणि त्याविरुद्ध बोलणाऱ्या दलिताला 'दोष काढू नका' असे सुनावले जात असेल, तर ते प्रेम नव्हे. माणसाला दोषी ठरवणे वेगळे आणि अन्यायाला अन्याय म्हणणे वेगळे.

त्या लग्नानंतर काही दिवसांनी माझी आजी एकटीच त्या घरी गेली. लहानपणी तिने तो दुष्काळ पाहिला होता. जाऊन तिने भाकरी मागितली आणि चुलीपाशी बसून खाल्ली. मी शाळकरी पोर, दारातच उभा होतो. 'देवाचं मागनं बोलू,' ती म्हणाली, 'आदी ह्यांच्यात जेव.' मी आत गेलो. दोष काढणे सोडायचे म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळले.