रक्त कमी आहे, पण कशामुळे?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के महिलांना रक्तक्षय असल्याचे आढळले. म्हणजे दोघींपैकी एक! वस्त्यांमधील शिबिरांत आम्ही एकच प्रकार पाहत आलो आहोत. बाईचे बोट टोचतात, हिमोग्लोबिन ९ निघते, गोळ्यांची पट्टी हातात पडते आणि वर उपदेश : 'नीट जेवत जा.' दोष तिच्याच पदरात!

गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या, गरोदर स्त्रीचे ११ च्या आणि पुरुषाचे १३ च्या खाली गेले की रक्तक्षय समजतात. हा आकडा रक्त कमी असल्याचे सांगतो. कारण सांगत नाही. लोहाचा साठा किती उरला, हे 'फेरिटिन' तपासणीतून कळते. निरोगी प्रौढात ते १५ नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर लोहाची कमतरता नक्की. परंतु जंतुसंसर्ग किंवा अंगात सूज असेल तर फेरिटिन वाढते. तेव्हा ७० च्या खालचा आकडाही कमतरता दाखवतो. 'सीरम आयर्न' दिवसभरात वरखाली होते. त्या एकट्यावर विसंबू नये.

विदर्भातील बौद्ध आणि आदिवासी समाजात तर आणखी एक प्रश्न विचारलाच पाहिजे : सिकलसेल तपासला का? या आजारात लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, लवकर फुटतात. लोह पुरेसे असूनही रक्त कमीच राहते. वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णाच्या शरीरात लोह साचते. त्याला न तपासता लोह देणे घातक ठरू शकते. सोल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्ह आली, तर वाहक की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीने ठरते.

याचा अर्थ गोळ्या फेकून द्या, असा नाही. गरोदर भगिनींनी तर मनाने बंद करूच नयेत. पण नियमित गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन हलत नसेल, तर डॉक्टरांना कारण विचारा. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागणी केल्यावर ७२ तासांत नोंदी देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. मागणी लेखी करा, पोच घ्या, रिपोर्ट जपून ठेवा.

आणि सरकारला आमचा सवाल आहे : गोळी गावोगाव पोहोचते, मग फेरिटिनची तपासणी ग्रामीण रुग्णालयात मोफत का मिळू नये?