बातमीची आवक-जावक

कोणत्याही कामगार संघटनेच्या कचेरीत दोन जाड वह्या असतात. एक आवकेची, दुसरी जावकेची. ज्या कचेरीच्या या दोन वह्या नीट, तिचा कारभार नीट, असे मी नव्या कार्यकर्त्यांना वर्षानुवर्षे सांगत आलो आहे. आजचा विषय संगणकाचा असला तरी त्याचे मूळ या दोन वह्यांतच आहे. म्हणूनच माझ्यासारख्या, शाळा लवकर सुटलेल्या माणसाला तो वाचून वाचून उमगू शकला.

विषय असा: न्यूजग्रुप नावाची जी चर्चापीठे जगभर चालतात, त्यांतील लेख एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर कसे जातात, आणि ते कोठे जावेत, कोठे जाऊ नयेत, हे कोण ठरवितो?

प्रथम थोडा इतिहास. 1979 साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांना अशी कल्पना सुचली की, आपल्या संगणकाने साध्या टेलिफोनवरून शेजारच्या संगणकाला हाक मारावी आणि नवे लेख त्याला उतरवून द्यावेत. शेजारच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील स्टीव्ह बेलोव्हिन यांनी त्याचा पहिला नमुना लिहिला आणि 1980 साली हे जाळे सुरू झाले. त्याला यूजनेट म्हणतात. यात मुख्य कचेरी अशी कोठेच नाही. प्रत्येक सर्व्हर लेखाची पूर्ण प्रत आपल्याजवळ ठेवतो आणि शेजाऱ्याला देतो; तो पुढल्याला देतो. पैसा, छापखाना, मालक यांपैकी एकाच्याही हाती सगळी नाडी नाही.

आपल्याकडे हे वारे आले ते मुंबईच्या जुहूमार्गे. सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने 1986 साली अर्नेट हे शिक्षण व संशोधन संस्थांचे जाळे उभारण्यास आरंभ केला. त्याचे परदेशी दार जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात होते, आणि 1989 साली तेथून अमेरिकेतील यूयूनेट या कंपनीपर्यंत 9600 बिट दर सेकंदाची कायमची लाईन मिळाली. हा आकडा कानाला मोठा वाटतो. हिशेब करून पाहा: सेकंदाला 1200 अक्षरे, दिवसाचे सेकंद 86,400, म्हणजे अहोरात्र चालूनही दिवसाला सुमारे दहा कोटी अक्षरे. त्याच तारेवरून सर्वांची ई-मेलही जावयाची. अशा नळाने जगातले सारे पाणी भरता येत नाही. कोणती घागर आधी लावावयाची, हे ठरवावेच लागते. या ठरविण्यालाच पुढे आपण ‘जावक यादी’ म्हणणार आहोत.

सर्वसाधारण नागरिकाला इंटरनेट मिळू लागले ते 15 ऑगस्ट 1995 पासून, विदेश संचार निगममार्फत. परदेशी गेलेले मराठी लोक ‘सॉक.कल्चर.इंडियन.मराठी’ या न्यूजग्रुपमध्ये जमत आणि पुष्कळदा रोमन लिपीत मराठी लिहीत. न्यू जर्सीत लिहिलेला मजकूर कॅलिफोर्नियातला वाचक आपल्याच गावच्या सर्व्हरवर वाचीत असे. तो तेथे पोचला कसा?

समजा, उरणच्या एका संघटनेने एक परिपत्रक काढले. त्याच्या काही प्रती मोरा बंदरातून लाँचने भाऊच्या धक्क्यावर गेल्या, काही एस.टी.ने पनवेलवरून गेल्या, आणि जानेवारी 2024 पासून उरणपर्यंत लोकल धावते, तेव्हा काही तिनेही गेल्या. मुंबईच्या कचेरीत एकच परिपत्रक तीन वाटांनी आले. तेथला कारकून हुशार असेल तर आवक वही उघडील, परिपत्रकाचा क्रमांक पाहील आणि दुसरी व तिसरी प्रत बाजूला ठेवील. तो हुशार नसेल तर तिन्ही प्रती पुढे पाठवील, पुढचाही तसेच करील, आणि आठवड्याभरात तेच परिपत्रक फिरून उरणला येईल.

न्यूजग्रुपमध्ये हा क्रमांक म्हणजे मेसेज-आयडी होय. साऱ्या जगात तो एकाच लेखाचा असतो. सर्व्हरच्या आवक वहीला हिस्टरी म्हणतात. 1986 च्या फेब्रुवारीत ब्रायन कँटर आणि फिल लॅप्सली यांनी प्रसिद्ध केलेल्या एन.एन.टी.पी. या नियमावलीत दोन सर्व्हरांचे संभाषण ठरवून दिले आहे. एक म्हणतो, ‘माझ्याजवळ अमुक क्रमांकाचा लेख आहे.’ दुसरा आपली वही पाहून 335 म्हणतो, म्हणजे ‘पाठवा’. अथवा 435, म्हणजे ‘नको’. लेख सुखरूप उतरला की 235. सध्या अडचण असेल तर 436, मागाहून या. आणि 437 म्हणजे नाकारला, पुन्हा आणू नका. आमच्या वाटाघाटींत समोरच्याने 436 आणि 437 यांतला फरक इतक्या स्वच्छपणे सांगितला असता तर निम्म्या बैठका वाचल्या असत्या.

आणखी एक खूण असते तिचे नाव पाथ. लेख ज्या ज्या सर्व्हरच्या हातून जातो तो आपले नाव त्यावर डावीकडे लिहितो. दोन नावांमध्ये उद्गारचिन्ह. पाठविणाऱ्याने हा मार्ग पाहावयाचा आणि ज्याचे नाव त्यात आधीच आहे त्याला तो लेख पुन्हा द्यावयाचा नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ही सारी कामे करणारे एक प्रसिद्ध सॉफ्टवेअर म्हणजे आय.एन.एन. ते रिच साल्झ यांनी लिहिले आणि 1992 साली लोकांना दिले. ते अजूनही राखले जाते. ते बसविणाऱ्याला काही फायली हाताने लिहाव्या लागतात. त्या साध्या अक्षरांच्या असतात, कोणालाही वाचता येतात. ‘इन्कमिंग’ या फायलीत कोणाचा माल आत घ्यावयाचा त्यांची नावे. ‘ॲक्टिव्ह’मध्ये आपल्याकडे कोणकोणते ग्रुप चालतात त्यांची यादी. आणि ‘न्यूजफीड्स’ ही जावक यादी: कोणत्या शेजाऱ्याला काय द्यावयाचे.

न्यूजफीड्समध्ये प्रत्येक शेजाऱ्याची एक नोंद असते. प्रथम त्याचे नाव, आणि ते नाव तो पाथमध्ये लिहितो तेच असले पाहिजे. तो दुसऱ्याच नावाने सही करीत असेल तर ते नाव तिरप्या रेघेपुढे लिहावे. नाहीतर त्याचेच लेख आपण त्याला परत देऊ पाहू आणि तो प्रत्येक वेळी 435 म्हणत बसेल. मग ग्रुपांची निवड. तारा म्हणजे सगळे. उद्गारचिन्ह लावलेला ग्रुप वगळलेला. आणि एकाच ग्रुपाला दोन खुणा लागू पडत असतील तर शेवटची खरी. म्हणून क्रम महत्त्वाचा. ‘सगळे द्या, जाहिरातींचे नको’ असे लिहावे. उलट लिहिले तर शेवटच्या ताऱ्याने जाहिरातीही निघतात.

येथे एक बारकावा आहे. एकच लेख लेखक दोन-तीन ग्रुपांत टाकू शकतो. समजा, एकाने आपली जाहिरात मराठी ग्रुपात आणि विक्रीच्या ग्रुपात एकदम टाकली. विक्रीच्या ग्रुपाला आपण उद्गारचिन्ह लावले असले तरी मराठी ग्रुपाच्या नावावर तो लेख निघून जातो. पण उद्गारचिन्हाऐवजी ॲट हे चिन्ह लावले तर त्या ग्रुपात पडलेला लेख, तो आणखी कोठेही पडलेला असो, त्या शेजाऱ्याकडे जातच नाही. पहिले चिन्ह म्हणते, ‘या कारणासाठी देत नाही.’ दुसरे म्हणते, ‘याचा स्पर्श झालेले काहीच देत नाही.’ दुसरे हत्यार जपून वापरावे. आमच्या चळवळीतही बहिष्काराचे असेच आहे.

जाहिरातींचा प्रश्न कल्पित नाही. 12 एप्रिल 1994 रोजी अमेरिकेतील लॉरेन्स कँटर व मार्था सीगेल या वकील जोडप्याने ग्रीन कार्डच्या सोडतीची जाहिरात साडेपाच हजारांहून अधिक न्यूजग्रुपांत टाकली. लोक खवळले. नॉर्वेच्या आर्न्ट गुलब्रान्सन यांनी अशा जाहिराती आपोआप रद्द करणारा कार्यक्रम लिहिला. पण दुसऱ्याने लिहिलेला लेख रद्द करण्याचा अधिकार यांना कोणी दिला, असा प्रश्न विचारणारेही होतेच, आणि मला तो प्रश्न रास्त वाटतो. त्यावर निघालेला तोडगा मला या साऱ्या विषयात सर्वांत सुंदर वाटतो. रद्द करणाऱ्यांनी आपल्या हुकमाच्या पाथमध्ये ‘सायबरस्पॅम’ हे लटके सर्व्हरनाव घालावयाचे. ज्याला हे हुकूम मान्य नाहीत त्याने आपल्या न्यूजफीड्समध्ये ‘मी’ या पहिल्या नोंदीत त्या नावाला मनाई लिहावयाची, की त्या नावाचा मार्ग असलेला एकही कागद आत येत नाही. विरोधकालाही सोय. नवा ग्रुप काढण्याचे वा बंद करण्याचे हुकूम येतात त्यांचेही तसेच आहे: ते पाळावयाचे, नाकारावयाचे की नुसते कळवावयाचे, हे प्रत्येक सर्व्हरचा चालक आपल्या फायलीत लिहितो, सही तपासूनच पाळा, असेही लिहिता येते.

आवक वहीविषयी एक राहिले. वही कायमची ठेवली तर फुगते. लवकर फाडली तर जुना लेख नवा समजून पुन्हा आत येतो. म्हणून दोन आकडे ठरवितात. दहा दिवसांपेक्षा जुना लेख घ्यावयाचाच नाही. आणि गेलेल्या लेखांचे क्रमांक अकरा दिवस लक्षात ठेवावयाचे. हा एक दिवस जास्त आहे म्हणून फेरा बंद राहतो. पहिला आकडा वाढविणाऱ्याने दुसरा वाढविलाच पाहिजे.

फायलीत फेरफार केला की तो चालू सर्व्हरला कळवावा लागतो. त्या हुकमापुढे कारण लिहिणे सक्तीचे आहे. कारण नसेल तर हुकूम चालत नाही, आणि दिलेले कारण नोंदवहीत राहते. मी ज्या वर्कशॉपांतून काम केले त्यांपैकी एकाच्याही साहेबाला असा नियम लागू नव्हता. एका ठिकाणी तर सूचनाफलक काचेच्या कपाटात होता आणि किल्ली साहेबाच्या खिशात. आमचे पत्रक सकाळी लागे, दुपारी नसे. कोणी काढले, का काढले, याची कोठेही नोंद नाही.

आज आपली बहुतेक बोलणी फोनवरल्या गटांत होतात. ती सोयीची आहेत, मीही वापरतो. परंतु तेथे कपाट एकच आहे. यूजनेटमध्ये एक कपाट बंद झाले तर बाकीची चालतात. ज्या ड्यूक विद्यापीठात आरंभ झाला तेथील सर्व्हर 20 मे 2010 रोजी बंद झाला. गूगलने 22 फेब्रुवारी 2024 पासून यूजनेटचे नवे लेख घेणे-देणे थांबविले. तरी लेखांची ने-आण चालूच आहे. अर्थात मालक नाही म्हणजे दाद मागावयास दारही नाही. घाण आली तर आपल्याच दाराशी झाडू मारावा लागतो. चित्रे-चलचित्रांचे ग्रुप तर एवढे फुगले आहेत की लहान सर्व्हरने त्यांना पहिल्याच ओळीत मनाई लिहावी. नुसत्या मजकुराचे ग्रुप जुन्या संगणकालाही झेपतात.

ज्याला उरणमध्ये असा सर्व्हर उभा करावयाचा असेल त्याला संगणकापेक्षा अधिक गरज लागते ती दोन शेजाऱ्यांची. एक शेजारी असेल तर आपण त्याचे मिंधे; दोन असले म्हणजे एकाची वाट तुटली तरी दुसऱ्याची राहते. प्रत्येकाला पत्र लिहून विचारावे: कोणते ग्रुप द्याल, कोणते घ्याल, पाथमध्ये कोणते नाव लिहिता? दोघांनीही आपापल्या फायलींत एकमेकांची नोंद केली पाहिजे. एकाने केली तर लेख एकाच दिशेने जातात. मग फाईल तपासणीच्या हुकमाने तपासून घ्यावी आणि चाचणीच्या ग्रुपात एक लहानसा लेख टाकावा. तो दूरच्या एखाद्या सर्व्हरवर उघडून पाथ वाचावा, उजवीकडून डावीकडे. उजव्या टोकाजवळ आपल्या सर्व्हरचे नाव असते. त्याच्या डावीकडे ज्या शेजाऱ्याने लेख प्रथम उचलला त्याचे. आणि त्याही पलीकडे, ज्यांना आपण कधी पत्र लिहिले नव्हते अशांची.