यादीतून नाव कमी करण्याची रीत



पत्र लिहिण्याची रीत आपल्या मराठी समाजात फार जुनी आहे. वडिलांना ‘तीर्थरूप’, बरोबरीच्यांना ‘सप्रेम नमस्कार’, धाकट्यांना ‘अनेक उत्तम आशीर्वाद’ हा मायना शाळेत शिकवला जात असे. पत्र कोणाला आणि कोणत्या शब्दांत लिहावे, याचे भान त्या मायन्यातून येई. पुढे पत्र संगणकावर आले. मायना मागे पडला आणि एकच पत्र एकाच क्षणी शेकडो लोकांना पाठवण्याची सोय झाली. या सोयीबरोबर यायला हवी ती रीत मात्र पुष्कळांना कोणी शिकवली नाही. सामूहिक ई-पत्रांच्या यादीत कसे वागावे आणि त्या यादीतून बाहेर पडायचे असल्यास काय करावे, याची माहिती या लेखात दिली आहे.

भारतातील सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सुरू केली. मोजक्या महानगरांतून ती हळूहळू आपल्याकडे आली. १९९८ साली वारणानगरच्या परिसरातील, कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतल्या सुमारे ७० गावांना संगणकाने जोडण्याचा प्रकल्प हाती घेण्यात आला, तेव्हा ग्रामीण भागातही या साधनाची चर्चा सुरू झाली. आज साताऱ्याचा मुलगा पुण्यात किंवा बंगळुरूत नोकरी करतो, सांगलीची मुलगी परदेशात असते. त्यांना आपल्या महाविद्यालयाशी, संस्थेशी वा धर्मग्रामाशी जोडून ठेवणारा धागा पुष्कळदा पत्त्यांची अशी एखादी यादीच असते. हा धागा गुंतू नये, तसाच तो अविचाराने तुटूही नये.

यादीचे काम कसे चालते?

अशा यादीला बहुधा दोन पत्ते असतात. एक पत्ता सभेचा. त्यावर आलेले पत्र यंत्र सर्व सभासदांकडे पोहोचवते. दुसरा पत्ता कचेरीचा. नाव नोंदवणे, नाव कमी करणे, पत्ता बदलणे ही कामे तेथे होतात. १९८६ साली पॅरिसमधील एरिक तोमा या विद्यार्थ्याने ‘लिस्टसर्व्ह’ नावाची प्रणाली तयार केली आणि कचेरीचे हे काम यंत्राकडे सोपवले. त्यानंतर निघालेल्या बहुतेक प्रणालींनी हीच विभागणी स्वीकारली.

दोन पत्त्यांतील हा फरक ध्यानात न घेतल्यामुळे नेहमीचा घोटाळा होतो. एखादा सभासद कंटाळतो आणि ‘माझे नाव काढा’ असे सभेच्याच पत्त्यावर लिहितो. ते पत्र सर्वांच्या पेटीत जाऊन पडते. ग्रंथालयाच्या वहीतून नाव कमी करायचे असेल तर आपण लेखनिकाकडे जातो, वाचनकक्षात उभे राहून घोषणा करीत नाही. येथेही तोच विवेक हवा.

याचे एक प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडमधील आहे. तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवेत १४ नोव्हेंबर २०१६ रोजी चाचणीसाठी पाठवलेले एक साधे पत्र यादीतील तांत्रिक दोषामुळे सुमारे ८ लाख ४० हजार कर्मचाऱ्यांना गेले. तेवढ्यावर ते मिटले असते. परंतु अनेकांनी ‘रिप्लाय ऑल’ची कळ दाबून ‘मला यातून वगळा’ असे उत्तर दिले. काहींनी त्यांना ‘सर्वांना उत्तर देऊ नका’ असे बजावले, आणि तेही सर्वांनाच! परिणामी संपूर्ण टपालयंत्रणा मंदावली. मूळ पत्र एकच होते. गर्दी झाली ती उत्तरांची. अशा वेळी काहीही न लिहिणे हीच मोठी मदत ठरते.

नाव कसे कमी करावे?

प्रथम आलेल्या पत्राचा तळ पाहावा. व्यवस्थित चालवलेल्या यादीच्या प्रत्येक पत्राखाली ‘अनसबस्क्राइब’ असा दुवा किंवा नाव कमी करण्याची सूचना असते. जीमेलसारख्या सेवांत पुष्कळदा पाठवणाऱ्याच्या नावाजवळच ही कळ दिसते. ती दाबली की काम होते. कारण विचारले तर सांगणे ऐच्छिक असते.

तळाशी दुवा नसेल तर कचेरीच्या पत्त्यावर लिहावे. गुगल ग्रुप्सवरील गटासाठी, गटाच्या पत्त्यात ‘ॲट’च्या चिन्हापूर्वी, गटाच्या नावाला जोडून अधिकचे चिन्ह आणि ‘अनसबस्क्राइब’ हा शब्द इंग्रजीत लिहावा आणि त्या पत्त्यावर कोरे पत्र पाठवावे. ‘मेलमन’ प्रणालीच्या यादीत नावानंतर आडवी छोटी रेघ आणि ‘लीव्ह’ हा शब्द जोडतात. यांपैकी काहीच साधले नाही, तर यादी सांभाळणाऱ्या व्यक्तीला एकट्याला दोन ओळींचे नम्र पत्र लिहावे.

ज्या पत्त्याने नाव नोंदवले त्याच पत्त्यावरून विनंती करावी. पुष्कळांनी पूर्वी याहू किंवा रेडिफमेलचा पत्ता नोंदवलेला असतो, तेथील पत्रे नव्या पत्त्यावर वळवलेली असतात, आणि विनंती नव्या पत्त्यावरून जाते. यंत्राला तो पत्ता यादीत सापडत नाही, आणि ‘सांगूनही नाव काढत नाहीत’ असा गैरसमज होतो.

विनंतीनंतर काही प्रणाली खात्री करून घेणारे पत्र पाठवतात. त्याला उत्तर दिल्याशिवाय किंवा त्यातील दुवा दाबल्याशिवाय नाव कमी होत नाही. ही अडवणूक नव्हे. दुसऱ्या कोणी आपल्या नावाने विनंती करून आपल्याला परस्पर वगळू नये, यासाठी ती दक्षता असते.

नाव काढण्यापूर्वी आणखी एक पर्याय पाहावा. पत्रे फार येतात एवढीच तक्रार असेल, तर अनेक याद्यांत दिवसभराची पत्रे एकत्र मिळण्याची सोय असते. संबंध राहतो आणि त्रासही कमी होतो.

‘स्पॅम’ची कळ जपून वापरा

काही जण नाव कमी करण्याचा खटाटोप टाळून सरळ ‘स्पॅम’ची कळ दाबतात. ती कळ म्हणजे पाठवणाऱ्याविरुद्धची तक्रार आहे, हे त्यांना ठाऊक नसते. अशा तक्रारी वाढल्या की टपालसेवा त्या पाठवणाऱ्याची पत्रे इतरांच्याही स्पॅमपेटीत टाकू लागते. जीमेलच्या खात्यांवर मोठ्या प्रमाणावर पत्रे पाठवणाऱ्यांना गुगलने हे प्रमाण हजारी तीनच्या खाली राखण्यास सांगितले आहे. हजारांत तीन म्हणजे किती थोडे, ते पाहा! आपण स्वतः होऊन ज्या संस्थेला पत्ता दिला, तिचे पत्र स्पॅम ठरवले, तर त्याच पत्राची वाट पाहणाऱ्या दुसऱ्या कोणाला ते मिळणार नाही.

याच्या उलट, जे पत्र आपण कधी मागितलेच नाही आणि ज्याचा पाठवणारा पूर्णपणे अनोळखी आहे, त्यातील ‘अनसबस्क्राइब’ दुवा मुळीच दाबू नये. हा पत्ता चालू आहे, तेथे माणूस पत्रे वाचतो, एवढे त्या दाबण्याने लबाडाला कळते. क्वचित त्या दुव्यामागे बँकेचा परवलीचा शब्द विचारणारे बनावट पानही असते. नाव कमी करण्यासाठी परवलीचा शब्द, ओटीपी किंवा खाते क्रमांक यांची गरज कधीच नसते. अशा पत्रासाठीच स्पॅमची कळ आहे. थोडक्यात, ओळखीच्या दारातून निरोप घेऊन निघावे, अनोळखी दार उघडूच नये.

पाठवणाऱ्याचे कर्तव्य

रीत केवळ घेणाऱ्याने पाळावी, असे नाही. कोणाचा पत्ता आपल्याजवळ आहे म्हणून त्याला यादीत घालण्याचा अधिकार मिळत नाही. आधी विचारावे. यादीची प्रणाली न वापरता स्वतःच्या खात्यातून अनेकांना पत्र पाठवायचे असेल, तर सर्व पत्ते ‘बीसीसी’च्या रकान्यात लिहावेत. त्यामुळे एकाचा पत्ता दुसऱ्याला दिसत नाही आणि ‘रिप्लाय ऑल’चा घोळही होत नाही. विषयाच्या ओळीत नेमका विषय लिहावा. ‘हे पत्र दहा जणांना पाठवा, इच्छा पूर्ण होईल’ अशा मजकुराला सामूहिक यादीत स्थान नसावे. पूर्वी अशी साखळीपत्रे पोस्टकार्डावर येत, आज पडद्यावर येतात. साधन बदलले तरी भीती आणि आमिष तेच आहे.

कोणी नाव कमी करण्यास सांगितले, तर ते लगेच करावे, रुसू नये आणि कारणेही विचारू नयेत. फेब्रुवारी २०२४ पासून गुगलने, जीमेलच्या खात्यांवर दिवसाला ५,००० हून अधिक पत्रे पाठवणाऱ्यांना जाहिरातींच्या व वर्गणीच्या पत्रांत एका कळीत नाव कमी करण्याची सोय ठेवण्यास आणि अशी विनंती दोन दिवसांत अमलात आणण्यास सांगितले आहे. आपल्या संसदेने २०२३ साली संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यातही, संमती देणे जितके सोपे तितकेच ती मागे घेणे सोपे असावे, हे तत्त्व नमूद आहे. मोठ्या कंपन्यांकडून अपेक्षित असलेला हा शिष्टाचार आपल्या लहान संस्थांनी आपण होऊन पाळावा, हेच शोभून दिसेल.

मोबाईलवरील संदेशांनाही हेच लागू आहे. जाहिरातींचे फोन व लघुसंदेश नको असतील, तर दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या नियमांनुसार १९०९ या क्रमांकावर आपली पसंती नोंदवता येते. व्हॉट्सॲपच्या गटातून बाहेर पडताना २०२२ पासून ती सूचना केवळ गटचालकाला दिसते, त्यामुळे संकोचाचे कारण उरलेले नाही. मनातून नको असलेल्या गटात राहून कुरकुर करण्यापेक्षा शांतपणे बाहेर पडणे सर्वांच्या हिताचे आहे.

हे सारे किरकोळ वाटेल. परंतु सातारा-सांगलीच्या लोकांना वेळेवर आलेल्या निरोपाचे मोल वेगळे सांगायला नको. पाटण तालुक्यातील कोयना धरणातून सोडलेले पाणी कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते आणि पुढे सांगलीकडे येते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ, ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून, पाणी ५७ फुटांवर गेले होते. अशा दिवसांत वरच्या गावाचा एक खरा निरोप खालच्या गावाला सावध करू शकतो. मात्र शुभेच्छा, विनोद, जाहिराती आणि ‘माझे नाव काढा’ यांनी पेटी तुडुंब भरलेली असेल, तर लोक ती उघडून पाहण्याचेच सोडून देतात, आणि नेमका हवा तो निरोप न वाचलेला राहतो.

म्हणून ज्या यादीची आपल्याला गरज उरली नाही, तिच्यातून आजच रीतीने निरोप घ्यावा. जी हवी आहे, तिच्यात मोजके आणि कामाचे लिहावे. आपल्या घरी वडीलधारी मंडळी नव्याने मोबाईल वापरू लागली असतील, तर त्यांच्या शेजारी बसून ही कळ कोणती आणि ती कळ कोणती, हे त्यांना एकदा शांतपणे दाखवावे.