होडीची पट्टी का सुटली?

आमच्या गावच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन भरले होते. नववीतल्या एका मुलाने महिनाभर खपून मचव्याची हातभर लांबीची प्रतिकृती केली होती. शीड, डोलकाठी, सुकाणू, सारे कसे प्रमाणात! मी परीक्षक म्हणून सकाळी तेथे गेलो, तेव्हा तो रडवेला होऊन उभा होता. होडीच्या काठावरून नाळेच्या वळणापर्यंत चिकटवलेली शोभेची लाकडी पट्टी रात्रीतून दोन्ही टोकांना सुटून बाहेर आली होती.

"सर, गम हलका निघाला. सर्वांत जोरदार कोणता?" त्याने मला विचारले.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हीही हेच विचारले असते. पण पट्टी मध्यभागी घट्ट होती आणि फक्त टोकांना सुटली होती. खरे उत्तर या खुणेत आहे.

त्याची पट्टी 2 मिलिमीटर जाड होती आणि नाळेपाशी वळणाची त्रिज्या सुमारे 10 सेंटिमीटर होती. पट्टी वाकली की तिची बाहेरची बाजू ताणली जाते व आतली दाबली जाते. मधला थर मात्र पूर्वीच्याच लांबीचा राहतो. पाव वर्तुळाचे वळण घेतले, तर मधल्या थराची लांबी सुमारे 157 मिलिमीटर येते. बाहेरच्या थराची त्रिज्या 1 मिलिमीटरने जास्त, म्हणून त्याची लांबी सुमारे 158.6 मिलिमीटर होते. म्हणजे बाहेरचे तंतू 1 टक्का ताणले गेले. हा आकडा लहान वाटतो, पण कोरडे लाकूड साधारण एवढ्याच ताणाला मोडायच्या बेतात येते. अशी पट्टी म्हणजे दाबून धरलेली स्प्रिंगच! रात्रभर ती सरळ होण्यासाठी धडपडत असते आणि तिचा जोर टोकांपाशी एकवटतो.

एक सोपा प्रयोग करा. चिकटपट्टीचा वीतभर तुकडा टेबलावर नीट दाबून बसवा. आता एक टोक धरून तो टेबलाच्या पृष्ठभागालगत सरळ ओढा. सहजी हलत नाही. मग तेच टोक वर उचला. तुकडा सालीसारखा निघून येतो. पहिल्या वेळी ओढ साऱ्या क्षेत्रफळावर वाटली गेली, दुसऱ्या वेळी ती एका बारीक रेषेवर पडली. बहुतेक चिकटद्रव्ये सरकवणाऱ्या बलाला चांगली टिकतात, सोलणाऱ्या बलापुढे हरतात. होडीच्या पट्टीची टोके अशीच सोलली गेली होती.

तेव्हा गम निवडण्यापूर्वी लाकडाचा हट्ट मोडायला हवा. त्याचे दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग पाणी आणि उष्णता. लाकडाच्या तंतूंना सांधून ठेवणारे लिग्निन ओलाव्याने व उष्णतेने मऊ पडते. पट्टी गरम पाण्यात अर्धा तास ठेवा आणि एखाद्या डब्याभोवती बांधून पूर्ण वाळू द्या. सोडल्यावर ती थोडी उलगडते, म्हणून डबा हव्या त्या वळणापेक्षा जरा लहान घ्या. मोठ्या जहाजांचीही हीच रीत आहे. गोव्यातील दिवाड बेटावर 12 सप्टेंबर 2023 रोजी ज्याची पायाभरणी झाली आणि 21 मे 2025 रोजी कारवारला जे नौदलात दाखल झाले, त्या 'कौंडिण्य' या शिवलेल्या जहाजाच्या फळ्या आधी वाफेने वाकवल्या आणि मग काथ्याच्या दोरीने शिवल्या.

दुसरा मार्ग जाडी कमी करण्याचा. पट्टी वाकवायला लागणारा जोर जाडीच्या घनाच्या प्रमाणात असतो. जाडी निम्मी केली की जोर एक अष्टमांश होतो. म्हणून 2 मिलिमीटरच्या एका पट्टीऐवजी 1 मिलिमीटरच्या दोन पट्ट्या एकीवर एक चिकटवा. दोन्ही मिळून जोर फक्त पाव लागतो. शिवाय मधला गम वाळला, की थर एकमेकांवर सरकू शकत नाहीत आणि वळण कायम होते. वही वाकवून तिच्या कडा चिमटीत घट्ट धरा, म्हणजे हे पटेल.

आता गमाकडे वळू. फेव्हिकॉलसारख्या पांढऱ्या गमात पॉलिव्हिनाइल ॲसिटेट या बहुवारिकाचे सूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी लाकडात मुरते व उडून जाते, कण एकमेकांत मिसळून पापुद्रा बनतो. यासाठी वेळ लागतो, म्हणून रबरबँड किंवा कपड्यांचे चिमटे लावून पट्टी रात्रभर दाबून ठेवावी लागते. पट्टी ओली असेल तर हा गम वाळतच नाही. आणि सतत ओढ राहिली तर वाळल्यावरही तो हळूहळू सरकतो.

सायनोॲक्रिलेट हा झटपट गम याच्या उलट. 1942 मध्ये हॅरी कूव्हर यांच्या गटाला तो अमेरिकेत सापडला, तेव्हा 'प्रत्येक वस्तूला चिकटतो' म्हणून बाजूला टाकला गेला! 1958 मध्ये तो बाजारात आला. हवेतील व लाकडातील ओलाव्यानेच त्याचे रेणू साखळीत गुंफले जातात, तेही काही सेकंदांत. पण त्याचा थर ठिसूळ असल्याने सोलणाऱ्या बलापुढे तो कच्चा पडतो. जागोजागी थेंब लावून पट्टी तात्पुरती धरून ठेवायला मात्र तो उत्तम. डोळे व बोटे सांभाळा. सुती कापडावर तो सांडला तर कापड चटका बसण्याइतके तापू शकते.

होडी खरोखर पाण्यात सोडायची असेल, तर राळ व कठिणक अशा दोन नळ्यांचा इपॉक्सी घ्या. तो पाण्याला दाद देत नाही आणि फटीही भरून काढतो. तो मिसळताना हातमोजे घाला.

त्या मुलाला त्या दिवशी बक्षीस मिळाले नाही. पण पुढच्या रविवारी त्याने दोन पातळ पट्ट्या गरम पाण्यातून काढून दुधाच्या डब्याभोवती बांधल्या आणि वाळल्यावर पांढऱ्या गमानेच चिकटवल्या. गम तोच होता, पहिल्या वेळचा. एक पावसाळा उलटून गेला आहे. होडी शाळेच्या कपाटात आहे आणि पट्टी जागची हललेली नाही.